वाचकांचे प्रश्न : अद्भुतकथांच्या वाचकमंडळात वावरताना

गेल्या दोन-तीन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची निघाली. अद्भुतकथा, म्हणजे तरुण मंडळी ज्यांना फँटसी म्हणतात त्या कादंबऱ्या वाचणारी आणि त्यांच्याविषयी देशोदेशींच्या वाचकांशी मोबाइलवर रोज बोलणारी माणसे आपल्या नागपुरात पुष्कळ आहेत, हे या पत्रांमुळे मला नव्याने कळले. मी स्वतः नऊ वर्षांपासून अशा एका वाचकमंडळात आहे, आणि त्या मंडळाने मला जे दिले आहे त्याची किंमत मला ठाऊक आहे. म्हणून या अंकातील सर्व जागा मी याच विषयाला देत आहे.

पत्रलेखकांची नावे येथे छापलेली नाहीत, त्याचे कारण सांगते. १९२६ साली अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक यांनी केवळ विज्ञानकथांना वाहिलेले ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक सुरू केले, आणि त्यात वाचकांची पत्रे पूर्ण पत्त्यासह छापली जाऊ लागली. आपल्यासारखेच वाचणारा कोणी जवळच राहतो, हे त्या पत्त्यांवरून वाचकांना कळले. ते एकमेकांना थेट लिहू लागले, भेटू लागले, आणि आज ज्याला ‘फॅन्डम’ म्हणतात ते चाहत्यांचे जग बऱ्याच अंशी त्या पत्रव्यवहारातून उभे राहिले. १९३९ साली न्यूयॉर्कला त्यांचे पहिले जागतिक संमेलन भरले आणि १९५३ पासून गर्न्सबॅक यांच्याच नावाने विज्ञानकथा व अद्भुतकथांसाठीचे ह्यूगो पुरस्कार दिले जाऊ लागले. म्हणजे वाचकांच्या पत्रांचे एक सदर हेच या सगळ्याचे मूळ आहे, ही गोष्ट मला या सदराची लेखिका म्हणून फार जवळची वाटते. त्या काळी पत्ता छापणे ही वाचकांची सोय होती. आज तोच पत्ता कोणाच्या हाती जाईल हे सांगता येत नाही, म्हणून येथे फक्त वस्तीचे नाव दिले आहे.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका मोठ्या इंग्रजी फँटसी मालिकेच्या वाचकांच्या ग्रुपमध्ये मी वर्षभरापासून आहे, परंतु आजपर्यंत एक अक्षरही लिहिलेले नाही. तेथील लोकांचे वाचन अफाट आहे, माझे इंग्रजी साधे आहे आणि मालिकेचे चौदापैकी पाचच खंड माझे वाचून झाले आहेत. नुसते वाचत राहणे चुकीचे आहे का? लिहायचे तर सुरुवात कशी करावी? — विद्यार्थिनी, प्रतापनगर

उत्तर : नुसते वाचत राहण्यात काहीही चूक नाही. अशा प्रत्येक मंडळात बोलणारे थोडे आणि ऐकणारे पुष्कळ असतात, आणि ऐकणारे नसतील तर बोलणाऱ्यांचा उत्साह चार दिवसांत मावळेल. अडचण एवढीच आहे की, ज्याने रात्र जागून एखाद्या पात्राविषयी दोन पाने लिहिली, त्याला तू ती वाचलीस हे कळतच नाही. म्हणून सुरुवात स्वतःच्या मतापासून करू नकोस. दुसऱ्याने लिहिलेल्या एखाद्या मजकुराला उत्तर देण्यापासून कर, आणि त्यातील नेमके कोणते वाक्य तुला पटले किंवा खटकले ते सांग. ‘छान लिहिले आहे’ एवढ्याने लिहिणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

मी पहिल्यांदा काय लिहिले ते सांगते. आमच्या मंडळातील एका सदस्याने स्वतः कल्पिलेल्या देशाचा नकाशा हाताने काढून सर्वांना दाखवला होता. डोंगर, किल्ले, अरण्ये, सारे फार देखणे होते. त्यात एक मोठी नदी डोंगरातून निघून समुद्राकडे जाता जाता मध्येच दुभंगत होती, आणि तिचे दोन प्रवाह शेकडो मैल अंतरावरच्या दोन समुद्रांना मिळत होते. मी सहा महिने गप्प होते, पण ते पाहून राहवले नाही. मी तीन वाक्ये लिहिली : आमच्याकडे पेंच नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते, नद्या खाली येताना एकमेकींत मिसळत जातात, मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश सोडला तर त्या अशा फुटत नाहीत, तुमची नदी उलटी वाहिल्यासारखी वाटते. पाठवल्यानंतर तासभर माझी छाती धडधडत होती. दुसऱ्या दिवशी त्याने नकाशा नव्याने काढून पाठवला होता आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत एका उपनदीला ‘कन्हान’ असे नाव दिले होते. त्या मंडळात मी खऱ्या अर्थाने आले ती त्या दिवशी.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, तू जेथे राहतेस त्या जागेचे ज्ञान हेच तुझे वाचन आहे. या परंपरेतील अनेक मोठी काल्पनिक जगे उत्तर युरोपच्या हवेत जन्मली. टॉल्कीन ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सन भाषेचे प्राध्यापक होते, आणि १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या महाकथेत त्या जुन्या उत्तरेकडच्या साहित्याचा श्वास आहे. तशा जगांत हिवाळा हा शत्रू असतो, बर्फ म्हणजे मरण, आणि सूर्य उगवणे म्हणजे सुटका. आपण मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेलेला असताना, दारे-खिडक्या लावून, कूलरच्या ताट्यांवर पाणी मारून ती पाने वाचतो. आपल्याला सूर्यापासून लपायचे असते, आणि आपली सुटका ढगातून येते. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील रामगिरीवरच्या यक्षाला आषाढाच्या पहिल्या दिवशी दिसलेला मेघ तोच आहे. तो रामगिरी म्हणजे आपल्या शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवरचे रामटेकच, हे मत नागपूरचे संस्कृत पंडित वा. वि. मिराशी यांनी आयुष्यभर साधार मांडले. नागपूरच्या मे महिन्यात बर्फाचा तो अध्याय वाचताना तुला काय वाटले, हे लिही. लंडनच्या किंवा टोरांटोच्या वाचकाला ते कितीही वाचन करून लिहिता येणार नाही.

इंग्रजीची भीती सोडून दे. अशा मंडळांत ब्राझीलचे, पोलंडचे, फिलिपिन्सचे वाचक असतात आणि त्यांच्यापैकी कितीतरी जणांना इंग्रजी तुझ्याइतकेच परके असते. छोटी वाक्ये लिही. एखाद्या मराठी शब्दावाचून अडले, तर तो शब्दच वापर आणि त्याचा अर्थ सांग. ‘हुरहुर’ या शब्दाचा अर्थ विचारणाऱ्यांनी आमच्या मंडळात एकदा दोन दिवस चर्चा चालवली होती.

पाचच खंड वाचल्याचे कमीपण वाटून घेऊ नकोस. तू ज्या चौदा खंडांचा उल्लेख केला आहेस, ती रॉबर्ट जॉर्डन यांची ‘द व्हील ऑफ टाइम’ ही मालिका असावी असा माझा अंदाज आहे. तिचा पहिला खंड १९९० साली आला. २००७ साली लेखक वारले. त्यांनी मागे ठेवलेल्या टिपणांच्या आधारे ब्रँडन सँडरसन यांनी शेवटचे तीन खंड पूर्ण केले आणि त्यांतला अखेरचा २०१३ साली बाहेर आला. मूळ वाचकांना शेवटापर्यंत पोहोचायला तेवीस वर्षे लागली. ज्यांनी ती तेवीस वर्षे वाट पाहिली, त्यांना पाचव्या खंडावर असलेल्या वाचकाचे मन वाचण्याची फार ओढ असते, कारण ते दिवस त्यांना परत मिळणार नसतात. लिहिताना पहिल्याच ओळीत ‘माझे पाच खंड वाचून झाले आहेत’ असे सांग, म्हणजे समजूतदार माणसे पुढचे काही बोलणार नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. तो ड्रॅगन आणि जादूगारांच्या कथांच्या ग्रुपमध्ये रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा असतो. त्यातील एक ‘मित्र’ त्याच्याशी स्वतंत्रपणे बोलतो, त्याचे सतत कौतुक करतो, आणि आता त्याचा फोटो व शाळेचे नाव विचारतो आहे, असे मला त्याच्या बहिणीकडून कळले. मोबाइल काढून घ्यावा, असे यांचे म्हणणे आहे. माझे मन धजत नाही, कारण या कथांमुळेच तो वाचायला लागला. मी काय करावे? — एक आई, मनीषनगर

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. एक जागरणाची आहे, दुसरी त्या माणसाची. दुसरी तातडीची आहे.

ज्या विदर्भात आपण राहतो त्याच विदर्भाच्या राजकन्येची गोष्ट आपल्याला माहीत असेल. दमयंतीच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघेही नलाचे रूप घेऊन बसले. समोर पाच नल. तिने भर सभेत सत्याची शपथ घालून देवांना विनवले, तेव्हा त्यांनी आपली खूण प्रकट केली, आणि तिला फरक दिसला : देवांना घाम येत नव्हता, त्यांच्या पापण्या लवत नव्हत्या, गळ्यातले हार कोमेजले नव्हते, पाय जमिनीला टेकत नव्हते आणि त्यांची सावली पडत नव्हती. नलाच्या अंगावर धूळ होती, घाम होता, त्याचा हार सुकलेला होता आणि त्याची सावली भुईवर पडली होती. खरा माणूस तिने त्याच्या उणिवांवरून ओळखला.

ही गोष्ट आपण मुलाला जेवताना सांगावी, आणि मग त्या मित्राविषयी त्याला शांतपणे विचारावे. त्याच्या पापण्या लवतात का? म्हणजे तो कधी थकलेला, कामात असलेला, चिडलेला असतो का, की हाक मारताच हजर असतो? तो कधी तुझ्याशी असहमत होतो का, की प्रत्येक वाक्याची स्तुतीच करतो? आणि त्याची सावली पडते का? मंडळातील इतर कोणी त्याला वर्षानुवर्षे ओळखते का, त्याने सर्वांसमोर लिहिलेले जुने लेखन कोठे सापडते का, की तो फक्त तुझ्याशीच, एकांतातच बोलतो? आमच्या मंडळात काही वर्षांपूर्वी एक अतिशय गोड बोलणारा सदस्य आला होता. त्याने घरच्या आजारपणाचे कारण सांगून चौघांकडून स्वतंत्रपणे पैसे घेतले आणि तो नाहीसा झाला. नंतर आम्ही शोध घेतला, तेव्हा त्याने उघड चर्चेत पुस्तकांविषयी एकही ओळ लिहिलेली नव्हती, हे आमच्या ध्यानात आले. त्याची सावली पडत नव्हती आणि आम्ही कोणी पाहिले नव्हते.

दमयंतीने पारख केली ती सर्वांसमक्ष, हेही लक्षात घ्यावे. मुलाने पुस्तकांवरचे बोलणे मंडळाच्या उघड चर्चेतच करावे. ज्याला त्याच्याशी खरोखर पुस्तकांवर बोलायचे आहे, त्याला ते तेथेही बोलता येईल. फोटो, शाळेचे नाव, घराचा पत्ता, शिकवणीची वेळ, यांतले काहीही कोणाला देऊ नये. मुलाने त्या माणसाला तसे स्पष्ट कळवावे आणि आपण मंडळाच्या ॲडमिनला त्याची माहिती द्यावी. संभाषणाचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत, रागाच्या भरात ते पुसून टाकू नयेत. त्याने धमकी दिली, अश्लील मजकूर पाठवला किंवा भेटण्याचा आग्रह धरला, तर १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवावे आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैशांची फसवणूक झाली असेल, तर १९३० हा क्रमांक आहे आणि तेथे जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाचण्याची शक्यता अधिक. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे सारे सांगितल्याबद्दल मुलाला शिक्षा होणार नाही, हा शब्द त्याला आधी द्यावा आणि तो पाळावा. मोबाइल काढून घेतला, तर पुढच्या वेळी तो आपल्याला सांगणार नाही; त्या माणसाला नेमके तेच हवे असते.

आता जागरण. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजतात, तेव्हा उन्हाळ्यात लंडनला साडेनऊ झालेले असतात. तिकडची माणसे जेवणे उरकून गप्पांना बसतात ती वेळ आपल्या झोपेची आहे. मुलाला त्या वेळी रंग चढलेला दिसतो, म्हणून तो थांबतो. परंतु या मंडळांतले बोलणे लेखी असते, ते सकाळपर्यंत जागच्या जागी राहते. रात्री साडेदहाला मोबाइल बैठकीच्या खोलीत ठेवायचा आणि सकाळी चहाबरोबर रात्रीचे सारे वाचायचे, असा नियम आमच्या घरी माझ्यासाठीच करावा लागला होता, आणि त्याने माझे काहीही बुडाले नाही.

एक विनंती आहे. तो वाचतो आहे ते पुस्तक आपण त्याच्याकडून मागून घ्यावे आणि निदान पहिली पन्नास पाने वाचावीत. काही परकीय मालिकांची मराठी भाषांतरेही मिळतात. पंधरा वर्षांच्या मुलाला त्या ड्रॅगनविषयी बोलायला घरात कोणी नाही, म्हणून तो बाहेर बोलतो.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये एकाने कादंबरीतील मुख्य पात्राच्या मृत्यूची बातमी उघड लिहिली आणि त्यावरून आठवडाभर भांडण झाले. चांगल्या कथेला ‘स्पॉयलर’ची, म्हणजे पुढचे आधीच फुटण्याची, भीती कशाला असावी? रामायणाचा शेवट सर्वांना माहीत असूनही आपण ते ऐकतोच की. — वाचक, महाल

उत्तर : आपला मुद्दा कीर्तनाच्या बाबतीत पूर्णपणे खरा आहे. उत्तररंगातले आख्यान श्रोत्यांना पाठ असते, आणि बुवा ते कसे रंगवतात हे ऐकायला ते बसलेले असतात. परंतु आजच्या बऱ्याच कादंबऱ्यांची बांधणी, पुढे काय होणार हे ठाऊक नसण्यावर केलेली असते. लेखकाने ती गाठ शेकडो पाने जपलेली असते. ती सोडण्याचा अधिकार लेखकाचा आहे, आपला नव्हे. रसिकाला शेवट कळूनही गोडी उरते, हे मान्य; म्हणून दुसऱ्यांदा वाचण्यात आनंद असतो. पण पहिल्या वाचनाची संधी प्रत्येकाला एकदाच मिळते. मजकुराच्या पहिल्या ओळीत कोणत्या खंडापर्यंतची माहिती पुढे आहे हे लिहावे, नंतर चार-सहा ओळी मोकळ्या सोडाव्यात आणि मग हवे ते लिहावे. ज्याच्याकडून चूक झाली, त्याने क्षमा मागून मजकूर काढला असेल तर भांडण तेथेच संपवावे.

प्रश्न : मी बँकेत नोकरी करते. एका परदेशी फँटसी कादंबरीतील एका दुय्यम स्त्री-पात्रावर मी तीन वर्षांत मराठीत सतरा कथा लिहिल्या आणि मंडळातील मराठी वाचकांना दाखवल्या. बहुतेकांनी प्रेमाने वाचल्या, परंतु एकाने ‘ही चोरी आहे, स्वतःचे काही सुचत नाही का’ असे लिहिले. तेव्हापासून माझे लिहिणे थांबले आहे. खरेच ही चोरी आहे का? — कथालेखिका, त्रिमूर्तीनगर

उत्तर : आपले लिहिणे थांबले, याचे मला मनापासून वाईट वाटले. प्रथम परंपरेचे सांगते. वर ज्या दमयंतीचा उल्लेख आला, तिची कथा महाभारताच्या वनपर्वातली. तिच्यावर बाराव्या शतकात श्रीहर्षाने ‘नैषधीयचरित’ हे महाकाव्य रचले, आणि त्या महाकाव्याचा आधार घेऊन आपल्या रघुनाथपंडिताने मराठीत ‘नलदमयंतीस्वयंवराख्यान’ लिहिले. कालिदासाची शकुंतलाही महाभारतातलीच. दुसऱ्याने निर्मिलेल्या पात्राला हात धरून पुढे नेणे हे आपल्या वाङ्मयाचे जुने काम आहे, आणि दुर्लक्षित स्त्री-पात्राला आवाज देण्याची आपली ओढ मला त्याच रांगेतली वाटते.

फरक आहे तो हा : व्यासांच्या कथेवर कोणाचा हक्क नाही, जिवंत लेखकाच्या कथेवर आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हा हक्क टिकतो, आणि मूळ कृतीचे रूपांतर करण्याचा अधिकारही त्यात येतो. टॉल्कीन १९७३ साली वारले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा भारतातील हक्क २०३३ च्या अखेरीपर्यंत आहे. म्हणून आपल्या कथा विकू नयेत, त्यांचे पुस्तक काढू नये, आणि प्रत्येक कथेच्या आरंभी मूळ लेखकाचे व कृतीचे नाव स्पष्ट द्यावे. चोरीत नाव लपवलेले असते. आपण ते कपाळावर लिहीत आहात. काही लेखक अशा लेखनाकडे कौतुकाने पाहतात आणि काहींना ते मुळीच आवडत नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे लेखक जॉर्ज मार्टिन यांनी आपला विरोध जाहीरपणे सांगितला आहे. आपल्या लेखकाने तसे म्हटले असेल, तर मी त्याचा शब्द पाळीन आणि दुसरे जग निवडीन. दुसरीकडे, चाहत्यांनी लिहिलेल्या कथांचा मोठा संग्रह सांभाळणाऱ्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या उपक्रमाला २०१९ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि तो हजारो अनाम लेखिकांना आपलाच वाटला.

‘स्वतःचे काही सुचत नाही का’ हा प्रश्न दुखावण्यासाठी विचारला गेला, म्हणून त्याला उत्तर देण्याचे बंधन आपल्यावर नाही. तरीही सतरा कथा लिहून झालेल्या हाताला आता स्वतःचे जग उभारता येईल, असे मला वाटते, आणि त्यासाठी फार दूर जावे लागणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत आणि पिवळी मारबत यांच्या मिरवणुका आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली ही प्रथा देशात अन्यत्र क्वचितच दिसेल. बांबू-कागदाच्या त्या उंच स्त्री-आकृती अरुंद गल्लीतून डुलत येतात, वरच्या मजल्यावरच्या माणसांच्या डोळ्यांना त्यांचे डोळे भिडतात, आया तान्ह्या मुलांना त्यांच्या पायांशी नेतात, आणि ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असा घोष चाललेला असतो. संध्याकाळपर्यंत दोघींचे दहन होते. काळी मारबत भोसल्यांच्या घराण्यातील बाकाबाईंशी जोडली जाते, तिने इंग्रजांशी हातमिळवणी केल्याचा राग त्यात आहे असे सांगतात. वर्षभराची सारी पीडा अंगावर घेऊन जळायला निघालेल्या त्या स्त्रीच्या मनात काय असेल? दुय्यम पात्राकडे पाहण्याची जी नजर आपल्याजवळ आहे, तिला हा प्रश्न पेलेल.

त्या कठोर वाचकाला उत्तर देऊ नका. अठरावी कथा लिहा.

प्रश्न : नागपुरात राहणारे आम्ही अकरा जण एका फँटसी वाचकमंडळात आहोत, हे गेल्या महिन्यात आम्हांला योगायोगाने कळले. आम्ही प्रत्यक्ष भेटावे असे ठरत आहे. वयोगट एकोणीस ते बासष्ट. कोठे आणि कसे भेटावे? — निवृत्त अभियंता, वर्धमाननगर

उत्तर : अवश्य भेटा. पहिली भेट सार्वजनिक जागी, दिवसाउजेडी ठेवावी आणि प्रत्येकाने घरी सांगून यावे, हे बासष्टीच्या सदस्यालाही लागू आहे. सीताबर्डीच्या आसपासची जागा सर्वांना सोयीची पडेल, कारण मेट्रोच्या दोन्ही मार्गिका तेथेच मिळतात. हिंगण्याकडून येणारा, कामठी रस्त्यावरून येणारा आणि आपल्यासारखा पूर्वेकडून येणारा, तिघेही एका तिकिटात पोहोचतील. १९२३ साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाची वास्तूही त्याच भागात आहे. एखादी खोली दोन तासांसाठी मिळेल का, हे तेथे विचारून पाहावे. उन्हाळा असेल तर सकाळी आठची वेळ धरावी.

भेटीत काय करावे, याविषयी माझे मत ठाम आहे. गप्पा आपण मोबाइलवर रोज करताच. भेटीत मोठ्याने वाचावे. ‘कथासरित्सागरा’त गुणाढ्याची कथा आहे. त्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा ‘पैशाची’ नावाच्या प्राकृत भाषेत, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली. सातवाहन राजाने ती भाषा हीन म्हणून ग्रंथ नाकारला, तेव्हा त्याने रानात अग्निकुंड पेटवले, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवले आणि ते अग्नीत टाकले. प्राणी चरणे विसरून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत बसले. राजाच्या ताटात सुके, निकस मांस येऊ लागले, कारण जनावरे खातच नव्हती. त्याचा शोध घेत राजा रानात पोहोचला, तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते आणि एक लाखच वाचले. अकराव्या शतकात सोमदेवाने काश्मीरमध्ये ही हकीकत नोंदवली. हरणांनी गवत सोडून ऐकावे अशी एखादी गोष्ट आपल्या प्रत्येकाच्या पुस्तकात असते.

प्रत्येकाने आपल्या आवडीच्या पुस्तकातील चारच पाने आणावीत, भाषा कोणतीही चालेल. एकोणीस वर्षांच्या सदस्याने आधी वाचावे आणि आपण सर्वांत शेवटी. वाचून झाल्यावर दोन मिनिटे कोणी काही बोलू नये. मराठीतले काही हवे असेल, तर जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’ या संग्रहातील ‘इस्किलार’ ही कथा घ्यावी, मात्र ती एका बैठकीत संपणार नाही. पहिल्या भेटीत कोणी काय वाचले, ते मला कळवावे; मला स्वतःला यायला आवडेल.